सहा टिंबांत संगणकाचे लेखन: मराठी ब्रेलपुढचा अर्धवट राहिलेला प्रश्न

मराठी वाक्याच्या मध्येच एखादा ई-मेल पत्ता येतो. संगणकाच्या पुस्तकात पानभर प्रोग्राम येतो. परीक्षेच्या अर्जात संकेतस्थळाचा पत्ता आणि पासवर्डचा नमुना येतो. डोळस वाचकाला लिपी बदलल्याचे दिसते आणि तो न थबकता पुढे जातो. बोटांनी वाचणाऱ्याला ही सोय नाही. ब्रेलमध्ये सगळ्या भाषा सहा टिंबांच्या त्याच घरांत लिहिल्या जातात. एकच घर मराठीत एक अक्षर असते, इंग्रजीत दुसरे आणि संगणकाच्या लेखनात आणखी तिसरे काही.

मजकूर ब्रेलमध्ये रूपांतरित करणारी सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. त्यातली काही मोफत आहेत आणि मराठी जाणतात. तरीही मराठी पुस्तकातले संगणकाचे लेखन ब्रेलमध्ये धड उतरत नाही. या लेखात त्याची कारणे तपासायची आहेत. माझे म्हणणे आधीच मांडतो. यंत्राकडून जेवढे होण्यासारखे आहे तेवढे यंत्र करते. राहिले आहे ते माणसांचे काम: मराठीपुरता एक नियम ठरवणे, आणि कोणता मजकूर संगणकाचा आहे याची खूण मूळ प्रतीतच करणे.

एका जिल्ह्याच्या नजरेतून

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, तालुके १४, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाखांवर. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागापासून जामखेडच्या टोकापर्यंत दृष्टिहीन मूल कुठल्याही गावात असू शकते. ते अंधशाळेतच शिकेल असेही नाही. समावेशित शिक्षणाच्या धोरणामुळे अनेक मुले गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसतात आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक त्यांना भेटी देतात. मोठ्या ब्रेल छापखान्यातून ठरावीक पाठ्यपुस्तके येऊ शकतात. शिक्षकांनी फळ्यावर लिहिलेला प्रोग्राम, प्रात्यक्षिकाची टिपणे, सरावाची प्रश्नपत्रिका हे मात्र जागच्या जागी, त्याच आठवड्यात ब्रेलमध्ये व्हावे लागते. म्हणून रूपांतराचे सॉफ्टवेअर नीट चालणे ही शहरातल्या संस्थेपेक्षा अशा जिल्ह्याची गरज अधिक आहे.

याच जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. ग्रामीण भागातली मुले तेथे संगणकशास्त्र शिकून बाहेर पडली. अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात आज एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी शिकवतात. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र अनेक शासकीय पदांसाठी मागितले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव आहेत, त्यांतला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. हक्क कागदावर आहे. त्या हक्काच्या वाटेवरचा अभ्यास बोटांखाली चुकीचा येत असेल तर उमेदवार दारापर्यंत पोचतच नाही.

महाराष्ट्राला या क्षेत्रात परंपरा नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. त्याच मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या काळात, मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची, मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ ची. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांच्या संपादनाखाली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू झाले. मराठी ब्रेलला वाचक आहेत आणि मराठी ब्रेल नियमित छापता येते, या दोन्ही गोष्टी त्याने दाखवून दिल्या. उणीव आहे ती एका विशिष्ट प्रकारच्या मजकुराबाबत.

नियम कसे वाढत गेले

सहा टिंबे दोन उभ्या रांगांत असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यांच्या उठावातून ६३ आकार बनतात, आणि कोरे घर धरले तर ६४. लुई ब्रेलने १८२९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा अक्षरे, विरामचिन्हे, अंक आणि संगीत यांना ६३ आकार पुरवून वापरायचे, एवढाच प्रश्न होता. संगणकाच्या कळफलकावर मात्र लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे, दहा अंक आणि तिसाहून अधिक चिन्हे मिळून ९४ छापील खुणा आहेत. ६३ आकारांत त्या एकास एक बसत नाहीत. काही चिन्हांना दोन घरे लागणार, किंवा एकाच घराला संदर्भानुसार दोन अर्थ द्यावे लागणार. सगळी गुंतागुंत या साध्या हिशेबातून निघते.

भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारले गेले. त्याआधी वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या पद्धती चालत. भारती ब्रेलने सर्व भारतीय भाषांतल्या समान ध्वनींना समान घर दिले आणि शक्य तेथे तो ध्वनी इंग्रजी ब्रेलशी जुळवला. क म्हणजे इंग्रजीतला के, म म्हणजे एम, र म्हणजे आर. एका भारतीय भाषेचे ब्रेल शिकलेल्याला दुसरी भाषा आणि इंग्रजी शिकणे सोपे झाले. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. पण एका वाक्यात दोन लिप्या मिसळतील आणि त्यात तिसरे म्हणून संगणकाचे लेखन येईल, ही गरज १९५१ मध्ये कुणापुढेच नव्हती.

इंग्रजीला ही गरज लवकर भासली आणि तिने एकामागून एक वेगळे नियम केले. अब्राहम नेमेथ यांची गणिताची पद्धत १९५२ ची. उत्तर अमेरिकेत १९८७ मध्ये संगणकाच्या लेखनासाठी स्वतंत्र ब्रेल नियमावली आली. तिच्यात संगणकाचा मजकूर सुरू होताना एक खूण आणि संपताना दुसरी खूण द्यायची असे. मधल्या मजकुरात प्रत्येक चिन्हाला ठरलेले रूप, संक्षेप (अक्षरगटासाठी एकच घर) अजिबात नाहीत, आणि ओळ मोडली तर तीही खुणेने सांगायची. शिस्त चांगली होती, पण विद्यार्थ्यावर ओझे पडले. साधा उघडा कंस साहित्याच्या ब्रेलमध्ये २, ३, ५, ६ या टिंबांचा आणि गणितात व संगणकात १, २, ३, ५, ६ चा. डॉलरचे चिन्ह तर तिन्ही ठिकाणी तीन रूपांत. १९९१ मध्ये टिम क्रॅनमर आणि नेमेथ यांनी या पसाऱ्यावर बोट ठेवले. त्यातून सुरू झालेल्या प्रयत्नाला २००४ मध्ये यश आले आणि युनिफाइड इंग्लिश ब्रेल मान्य झाले. अमेरिकेने ते ४ जानेवारी २०१६ पासून वापरात आणले. त्याचे सूत्र असे की एका चिन्हाला सगळीकडे एकच रूप. ई-मेलचा पत्ता वाक्यात आला तर सुरुवातीची आणि शेवटची खूण लागत नाही, कारण चिन्ह कुठेही आले तरी तेच असते. स्वतंत्र ओळींत दिलेला प्रोग्राम असंक्षिप्त ब्रेलमध्ये लिहायचा.

या पद्धतीतले कंस पाहिले की तिची बांधणी कळते. उघडणाऱ्या प्रत्येक कंसाचे मुख्य घर १, २, ६ चे आणि बंद करणाऱ्याचे ३, ४, ५ चे. आधी टिंब ५ आले तर साधा कंस, ४ व ६ आले तर चौकटी, आणि ४, ५, ६ आले तर महिरपी. शिकायला सोपे, लक्षात राहायला सोपे. इंग्रजी वाचकांचा प्रश्न त्यामुळे बराच हलका झाला. मराठीचा झाला नाही.

‘शाळा’ आणि महिरपी कंस

भारती ब्रेलमध्ये ४, ५, ६ या टिंबांचे घर म्हणजे ळ, आणि ३, ४, ५ चे घर म्हणजे आ. मराठी ब्रेलमध्ये काना वेगळा लिहिला जात नाही. व्यंजनापुढे आ चे घर आले की काना झाला. म्हणजे ‘शाळा’, ‘फळा’, ‘माळा’ या शब्दांचा शेवटचा ‘ळा’ आणि युनिफाइड इंग्रजीतला बंद महिरपी कंस हे टिंबाटिंबाने एक आहेत. ख चे घर ४, ६ चे. त्यामुळे ‘लेखा’तला ‘खा’ म्हणजे बंद चौकटी कंस. १, २, ६ म्हणजे घ, म्हणून साताऱ्याकडच्या ‘केळघर’ या गावाच्या नावात उघडा महिरपी कंस दडलेला आहे. भारती ब्रेलमध्ये हलन्ताची खूण, म्हणजे टिंब ४, ज्या व्यंजनातला अ जातो त्याच्या आधी येते. त्यामुळे ‘विघ्न’ या शब्दात ‘पेक्षा लहान’चे चिन्ह तयार होते.

यादी इथे संपत नाही. अंकचिन्ह आणि ण एकच घर. मराठी शब्द ण ने सुरू होत नाही, म्हणून शब्दारंभी आलेले ते घर अंकाचेच हे वाचकाला कळते. पण संगणकात अंक शब्दाच्या पोटात येतात. युजरनेममध्ये नावापुढे २५ असेल तर मराठी वाचणाऱ्याच्या बोटाला तेथे ‘णबे’ लागते. इंग्रजी मोठ्या अक्षराची खूण टिंब ६ ची, तीच मराठीत विसर्गाची. इंग्रजीतले अक्षरचिन्ह, म्हणजे पुढचे घर अक्षर म्हणून वाचा असे सांगणारी खूण, ५, ६ चे, तेच अनुस्वाराचे. प्रोग्रामच्या भाषांत आणि पासवर्डमध्ये लहान-मोठ्या अक्षराचा भेद निर्णायक असतो, आणि नेमकी ती खूण मराठीत दुसऱ्याच अर्थाने रुळलेली आहे.

जिल्ह्याच्या संकेतस्थळाचा जुना पत्ता ‘अहमदनगर डॉट एनआयसी डॉट इन’ असा होता. त्यातले रोमन लिपीतले जिल्ह्याचे नाव असंक्षिप्त ब्रेलमध्ये उतरवून मराठी म्हणून वाचले तर ‘अहमेदनअगअर’ असे काही हाती लागते. इंग्रजीचे संक्षेप चालू राहिले तर ई-डी या जोडीचे एक घर होते आणि ए-आर या जोडीचेही. ती दोन्ही घरे मराठीत अनुक्रमे ड आणि आ आहेत, म्हणजे वाचन होते ‘अहमडनअगा’. पायथॉनमधली ‘प्रिंट’ ही आज्ञा मराठीच्या अंगाने ‘परिनत’ होते. एखाद्या विद्यार्थ्याने एकूण गुणांसाठी रोमन अक्षरांत ‘एकुन’, मग अंडरस्कोअर, मग ‘गुन’ असे नाव ठेवले, तर अंडरस्कोअरचे पहिले घर ख आणि दुसरे संयोगचिन्ह ठरून ‘एकुनख-गुन’ वाचले जाते.

सराईत वाचक यातले बरेच संदर्भाने ओळखतो हे खरे. ब्रेल वाचणारी माणसे रोज असे तर्क करत असतात आणि त्यांचे ते कौशल्य मोठे आहे. पण संगणकाच्या लेखनात तर्काला जागा नाही. एक कंस चुकला की प्रोग्राम चालत नाही, पत्त्यातले एक टिंब चुकले की पत्र पोचत नाही. नवशिक्याला तर आपण चुकलो की पान चुकले, हेच कळत नाही, आणि बहुतेक वेळा तो दोष स्वतःकडे घेतो. ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते.

सॉफ्टवेअर काय करते, काय करू शकत नाही

ब्रेल रूपांतराची सॉफ्टवेअर दोन घराण्यांत विभागता येतात. पहिले विकत घेण्याचे. त्यात डक्सबरी सर्वांत जुने आणि जगभर वापरले जाणारे. ही कंपनी १९७५ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. दुसरे घराणे मुक्त स्रोताचे. ऐकू न येणारे आणि दृष्टी नसलेले प्रोग्रामर जॉन बॉयर यांनी २००२ मध्ये लिबलुई या नावाने ते सुरू केले. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत प्रोग्राम ब्रेलसाठी लिबलुईवरच अवलंबून असतो, आणि पुस्तके ब्रेलमध्ये मांडणारा ब्रेलब्लास्टरही. लिबलुईमध्येही मराठीचा तक्ता आहे. भारतातही खरगपूरच्या आयआयटीत भारतीय भाषांसाठी ‘स्पर्श’ नावाचे रूपांतर सॉफ्टवेअर विकसित झाले.

या सगळ्यांचे काम मुळात तक्त्यावर चालते. कोणत्या अक्षरासाठी कोणते घर, कोणत्या जोडीसाठी कोणता संक्षेप, कोणता नियम कुठे लागू नाही, हे तक्त्यात लिहिलेले असते. लिबलुईचे तक्ते साध्या मजकुराच्या फायली आहेत. कुणीही उघडून वाचू शकतो, सुधारणा सुचवू शकतो. त्यात एक सोय अशी की ठरावीक अक्षरगट दिसला, समजा ‘डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू’ किंवा ‘डॉट कॉम’, तर दोन मोकळ्या जागांमधला तो संपूर्ण तुकडा संगणकाचे लेखन समजून वेगळ्या नियमाने उतरवायचा. सोय उपयोगी आहे, पण तो अंदाज आहे. ‘डॉट इन’ने संपणारा पत्ता त्या यादीत नसेल तर सुटतो. फाइलचे नाव सुटते, प्रोग्रामातल्या चलाचे नाव सुटते. ‘फॉर’ हा इंग्रजी वाक्यातला शब्द आहे की पायथॉनची आज्ञा, हे अक्षरांवरून ठरत नाही. ते लेखकाला ठाऊक असते, शिक्षकाला ठाऊक असते. यंत्राला कुणी सांगितले तरच ठाऊक होते.

सांगण्याची साधने दोन्ही घराण्यांत आहेत. मजकुराला शैली लावता येते, भाषा बदलल्याची खूण घालता येते, हा भाग संक्षेपाविना आणि हा भाग जशास तसा असे बजावता येते. लिबलुईला प्रत्येक अक्षरासोबत ‘हे संगणकाचे लेखन आहे’ अशी नोंद देण्याची तरतूद आहे. एचटीएमएलमध्ये कोडसाठी, टंकायच्या मजकुरासाठी आणि प्रोग्रामच्या उत्तरासाठी वेगवेगळी चिन्हांकने आहेत. मूळ फाइलमध्ये ती असतील तर पुढचे सगळे काम सुरळीत होते. नसतील तर प्रत्येक ठिकाणी कुणालातरी बसून पान पुन्हा वाचावे लागते.

शेवटी बीआरएफ फाइल तयार होते. ती एम्बॉसरकडे गेली की कागदावर टिंबे उठतात. या फाइलमध्ये ब्रेलचे प्रत्येक घर कळफलकावरच्या एकेका खुणेने साठवलेले असते. ‘शाळा’ हा शब्द तेथे टक्क्याचे चिन्ह, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, अंडरस्कोअर आणि पुन्हा ‘पेक्षा मोठे’ असा दिसतो. ही फाइल साध्या संपादकात उघडणाऱ्या डोळस मदतनीसाला ती बिघडलेली वाटते आणि तो ती ‘दुरुस्त’ करायला जातो. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ मजकुरात करावी आणि रूपांतर पुन्हा करावे. बीआरएफला हात लावू नये.

मांडणीत लपलेले अडथळे

एम्बॉसरच्या कागदावर साधारणपणे एका ओळीत ४० घरे आणि पानावर २५ ओळी बसतात. छापील प्रोग्रामच्या ओळी ८० खुणांपर्यंत लांब असतात, आणि ब्रेलमध्ये बऱ्याच चिन्हांना दोन घरे लागत असल्याने त्या आणखी लांबतात. ओळ मोडणारच. ती कुठे मोडली आणि खालची ओळ नवी आहे की वरचीच पुढे चालू आहे, हे वाचकाला कळायला हवे. युनिफाइड इंग्रजीत त्यासाठी ओळीच्या शेवटी टिंब ५ देतात. सॉफ्टवेअरला सूचना नसेल तर ते मजकूर परिच्छेदासारखा ओघाने मांडते आणि पाच ओळींचा प्रोग्राम एका सलग परिच्छेदात विरघळतो.

पायथॉनमध्ये ओळीच्या आधीची मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग आहे. प्रत्येक पातळीला चार जागा सोडण्याची पद्धत आहे. रूपांतर करताना लागोपाठच्या मोकळ्या जागा एकत्र केल्या गेल्या तर प्रोग्रामचा अर्थच जातो. ब्रेलमध्ये जागा मोलाची असल्याने एका पातळीला दोन घरे सोडणे पुरते, पण ती सोडलीच पाहिजेत. बोटाला ओळीच्या सुरुवातीचे रिकामे घर स्पष्ट कळते. किंबहुना प्रोग्रामची रचना समजण्यासाठी कागदावरचे ब्रेल इतके उपयोगी ठरते ते याच कारणाने.

त्याहून आधीचे अडथळे टंकलेखनातच तयार होतात. वर्डसारखा प्रोग्राम सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतो, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो, ओळीचे पहिले अक्षर मोठे करतो. छापील पानावर हे शोभते, प्रोग्राममध्ये ते चूक असते, आणि ब्रेलमध्ये वेगळीच घरे होऊन बसते. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक ब्रेलमध्ये एकसारखे दिसतात. कोडमध्ये चुकून देवनागरी अंक पडला असेल तर तो बोटाला कधीच सापडणार नाही. जोडाक्षरांसाठी टाकलेली अदृश्य जोडचिन्हे तक्त्यात नसतील तर त्यांच्या जागी अनोळखी घरांची रांग उमटू शकते.

मराठीतला सर्वांत मोठा अडथळा फॉन्टचा. युनिकोड रुळण्याआधी, आणि छपाईच्या धंद्यात त्यानंतरही, श्रीलिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांतून मराठी मजकूर तयार होत आला. अशा फाइलमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेल्या असतात इंग्रजी आणि इतर खुणा, फक्त फॉन्टने मराठी मुखवटा दिलेल्या. रूपांतर सॉफ्टवेअर फॉन्ट पाहत नाही, खुणा पाहते. त्यामुळे पानभर निरर्थक ब्रेल निघते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे, तर बदलणारे साधन त्या पानावरच्या खऱ्या इंग्रजी कोडलाही मराठी समजून बदलून टाकते. प्रोग्राम आणि मराठी स्पष्टीकरण एकाच पानावर असले की हा गुंता सर्वांत वाईट होतो. उपाय एकच: कोणता भाग कोड आहे हे फॉन्ट बदलण्याआधी वेगळे काढणे.

आवाज पुरेसा नाही का?

स्क्रीनरीडर असताना ब्रेलचा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर शोधताना टी. व्ही. रामन यांचे काम पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म पुण्याचा, १९६५ चा. किशोरवयात दृष्टी गेली. पुण्यात गणितातली पदवी, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्राचे शिक्षण आणि मग कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. १९९४ चा त्यांचा प्रबंध गणिती लेखन आवाजात मांडण्याविषयी होता. नंतर त्यांनी ईमॅकस्पीक तयार केले. त्यात प्रोग्राममधली टीप, अवतरणातला मजकूर आणि आज्ञा वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतात.

रामन यांनी आवाजाचा मार्ग घेतला, पण त्यांच्या कामातला धडा ब्रेललाही तंतोतंत लागू आहे. त्यांची प्रबंधातली प्रणाली पानाच्या चित्रावरून वाचत नव्हती. लाटेक या मांडणी-भाषेतल्या मूळ लेखनावरून वाचत होती, जेथे हा घात, हा अपूर्णांक, हे शीर्षक असे सगळे नोंदलेले असते. रचना ठाऊक असली की ती आवाजात मांडता येते, टिंबांतही मांडता येते. रचना हरवली की दोन्ही मार्ग बंद होतात.

आवाज आणि ब्रेल एकमेकांचे शत्रू नाहीत. लांब मजकूर ऐकणे जलद होते. पण स्पेलिंग, कंसांची जोडी, मोकळ्या जागा, दोन नावांतला एका अक्षराचा फरक हे ऐकून पक्के होत नाही. हाताखाली आले की पक्के होते. अनेक विद्यार्थी दोन्ही एकत्र वापरतात, आणि टिंबे उंचावणारी इलेक्ट्रॉनिक ब्रेल पट्टी ज्यांच्याकडे आहे त्यांना ते सहज जमते. अशा पट्टीवर आठ टिंबांचे ब्रेल असते. २५६ आकार मिळतात आणि कळफलकाची प्रत्येक खूण एका घरात मावते. युनिकोडने १९९९ मध्ये हे २५६ आकार आपल्यात घेतले. पट्टीची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांसाठी सहा टिंबांचा कागद हाच आधार राहणार आहे.

मराठीने कोणता मार्ग घ्यावा

दोन मार्ग संभवतात. पहिला, युनिफाइड इंग्रजीतली चिन्हे खुणेविना मराठी मजकुरात मिसळणे. वर दाखवलेल्या ‘शाळा’ आणि ‘केळघर’च्या उदाहरणांवरून तो मार्ग टिकत नाही हे दिसते. दुसरा, संगणकाचे लेखन सुरू झाले आणि संपले हे स्पष्ट खुणेने सांगणे आणि मधला भाग युनिफाइड इंग्रजीत, संक्षेपाविना लिहिणे. मला हा दुसरा मार्ग योग्य वाटतो. नियम लहान आहे, शिकवायला सोपा आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये बसवायला अवघड नाही.

खुणा कोणत्या असाव्यात हे तज्ज्ञांनी आणि ब्रेल वाचकांनी मिळून ठरवावे. एक शक्यता लक्षात आणून देतो. उत्तर अमेरिकेच्या जुन्या नियमावलीत सुरुवातीची खूण ४, ५, ६ आणि त्यापुढे ३, ४, ६ अशी होती, शेवटची ४, ५, ६ आणि त्यापुढे १, ५, ६. मराठीत वाचले तर ती ‘ळङ’ आणि ‘ळज्ञ’ होतात. अशा जोड्या मराठी शब्दात येत नाहीत, आणि इंग्रजीच्या असंक्षिप्त लेखनातही शेवटच्या खुणेशी गोंधळ होत नाही. युनिफाइड इंग्रजीतही दुसऱ्या पद्धतीत जाण्या-येण्याच्या खुणांचा स्वतंत्र भाग आहे; त्यातून निवड झाली तरी चालेल. मात्र एकच निवड व्हावी. देहरादूनची राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था, पुण्याची बालभारती आणि राज्यातल्या अंधशाळांतले अनुभवी ब्रेल शिक्षक एकत्र बसले तर हे काम वर्षानुवर्षांचे नाही.

कायदा अनुकूल आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम रूपात पुस्तक तयार करायला कॉपीराइटचा अडसर ठेवलेला नाही. याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयातून संस्था एकमेकांची तयार पुस्तके वापरू शकतात. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तके व अभ्याससाहित्य मोफत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. एका ठिकाणी नीट खुणा करून तयार झालेले पुस्तक राज्यभर जाऊ शकते.

जिल्हा पातळीवर उद्यापासून करता येण्यासारखे

राज्यस्तरावरचा नियम ठरेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. पहिले काम, शाळा-महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्यांनी टिपणे युनिकोडमध्ये आणि कोडसाठी ठरलेली शैली वापरून लिहावीत. यासाठी ब्रेल येण्याची गरज नाही. शैलीचे नाव काहीही असो, कोडला ती लावलेली असली म्हणजे ब्रेल करणाऱ्याला सगळे तुकडे एका झटक्यात सापडतात. दुसरे, टंकताना वर्डची आपोआप दुरुस्ती कोडपुरती बंद ठेवावी. तिसरे, ब्रेल पुस्तकाच्या पहिल्या पानावर वापरलेल्या खुणांची यादी द्यावी, म्हणजे वाचकाला अंदाज बांधावा लागणार नाही.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे: छापण्याआधी पान ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीने तपासावे. डोळस माणूस मूळ प्रत आणि पडद्यावरची टिंबे जुळवू शकतो, पण वाचताना कुठे अडते हे बोटच सांगते. तपासणाऱ्याला त्याचे मानधन मिळावे. नगरमध्ये दृष्टिहीन तरुणांसोबत काम करणाऱ्या अनामप्रेमसारख्या संस्था आहेत, आणि हे कौशल्याचे काम रोजगार म्हणूनही उभे राहू शकते.

पाचवे आवाहन लोणी, संगमनेर आणि कोपरगावच्या संगणक विभागांना. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी विषय शोधले जातात. लिबलुईचा मराठी तक्ता तपासणे, संगणकाच्या लेखनाच्या खुणा त्यात बसवणे, कोड बाजूला ठेवून जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे साधन लिहिणे, हे सगळे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले विषय आहेत. तक्ते खुले आहेत, केलेली सुधारणा जगभरच्या वापरात जाते, आणि तिचा उपयोग होईल असा वाचक त्यांच्याच तालुक्यात असतो. प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून त्या वाचकाला सोबत घ्यावे, एवढीच अट.

मराठी ब्रेलने सव्वाशे वर्षांत पाटीपासून एम्बॉसरपर्यंत मजल मारली आहे. नियम, खुणा आणि तपासणी या तीन गोष्टी जुळल्या की संगणकाचे पुस्तकही तितक्याच विश्वासाने वाचता येईल. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा प्रोग्राम चुकला तर तो त्याच्या विचारातल्या चुकीने चुकावा, पानातल्या चुकीने नव्हे. तेवढी हमी त्याला देणे आपल्याला आज शक्य आहे, आणि म्हणूनच ती न देण्याला आता सबब उरलेली नाही.